लातूरची गन आणि फाट्यावरची एसटी

विजेच्या गाडीला जिथून पाजतात त्या नळीला गन म्हणतात, हे मला म्हातारपणी कळलं. बंदुकीसारखीच मूठ असते, मागं मनगटाएवढी जाड काळी वायर लोंबते, आणि ती हातात आली की कुठलाही पुरुष फौजदारासारखा छाती काढून उभा राहतो. आमचे जावईबापूही तसेच उभे होते. लातूरचा रिंग रोड, एका हॉटेलामागचं आवार, भर दुपार, हातात गन. फक्त ती गाडीत शिरत नव्हती.

ती शिरली असती तर माझी लेक प्राचार्य होणार होती. नाहीतर नाही. इतक्या वर्षांचं शिक्षण, इतक्या वर्षांची नोकरी, सगळ्याची गाठ एका प्लास्टिकच्या तोंडाशी येऊन पडली होती. ती कशी पडली ते सांगते. यात शहाणं कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

लेक नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. तिच्या संस्थेचं लातूरलाही कॉलेज आहे. तिथल्या प्राचार्यबाई निवृत्त झाल्या आणि संस्थेनं हिला विचारलं, येता का म्हणून. हिनं पहिला फोन मला केला. मी ऐकता ऐकता भाजी करपवली. मग तिनं घरी सांगितलं, आणि तिथं तर सगळाच स्वयंपाक करपला.

विहीणबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणाल्या, "बाईमाणसानं घरदार टाकून लातूरला खोली करून ऱ्हायचं? आपल्यात कोण ऱ्हायलंय बाई आजवर?"

या बाईंच्या 'आपल्यात' कोण कोण येतं ते मला अजून उमगलेलं नाही. त्यांना जे नको असतं ते 'आपल्यात' नसतं, एवढंच कळतं. पोहणं आपल्यात नाही. कारल्याची भाजी आपल्यात नाही. प्राचार्य होणंही आपल्यात नाही.

जावई वकील. वकील माणूस नाही म्हणत नाही, अटी घालतो. "माझी कुठं ना आहे? जावं की तिनं. फक्त बुधवारी आणि शनिवारी घरी यावं. आणि बाबांचं काही कमी-जास्त झालं, मी फोन केला, तर तासाभरात तिथून निघावं." बाबा म्हणजे त्यांचे वडील. त्यांच्या छातीत जे दुखतं ते सोयीनं दुखतं, पण ते असो. व्याही आहेत, जास्त लिहीत नाही.

लेक म्हणाली, "माझी गाडी हाय की. लागंल तेव्हा येईन."

ही गाडी तिनं दसऱ्याला घेतली होती. स्वतःच्या पगारातून, विजेवरची, पांढरी. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत ती एका दमात लातूर गाठते, एवढं कंपनीवाले सांगतात आणि तेवढं खरंही आहे. पण परत यायचं तर पोट भरायला लागतं. घरी पोर्चमधल्या प्लगला लावली की गाडी रात्रभर रवंथ करत बसते. अडीअडचणीला धावत यायचं तर रात्रभर रवंथ करून कसं चालेल? त्यासाठी रस्त्यावरचं मोठं मशीन लागतं, जे तासाभरात भरून मोकळं करतं. जावईबापूंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"लातूरच्या मशीनची गन आपल्या गाडीला चालते का, ते आधी बघू. चालली तर खुशाल जा. न्हाई चालली तर संस्थेला नकार कळवून टाकायचा. विषय संपला."

लेकीनं मान हलवली. "बरं."

मला राग आला तो लेकीचाच. तसली मान मी चांगली ओळखते. कोणीतरी अक्कल शिकवावी आणि आपण समजूतदारपणे ती खाली-वर करावी, ही मान तिला माझ्याकडून आलेली आहे. ती मूळ मान कशी होती तेही सांगते, म्हणजे रागाचा हिशेब लागेल.

लग्न झालं तेव्हा मी मॅट्रिक होते, वर डी.एड. निलंग्याची, कानडी हेल काढून बोलणारी, दोन वेण्या घालणारी, स्वतःला लई हुशार समजणारी पोरगी बिलोलीकडच्या एका खेड्यात नांदायला आली. लग्नाला वर्ष होतंय तोच बिलोलीच्या शाळेत मास्तरीण म्हणून तिची ऑर्डर आली. आमचं खेडं मोठ्या रस्त्यापासून आत. रस्त्यावर फाटा, फाट्यावर एक लिंबाचं झाड, आणि तिथून बिलोलीची एसटी जाणार. मामंजींनी ऑर्डर वाचली, घडी केली, आणि म्हणाले, "नोकरी चांगली हाय. पण काय करावं, आपल्या फाट्यावर यष्टी थांबत न्हाई."

संपलं. त्या पोरीनं मान हलवली. फाटा घरापासून किती लांब? शेरडं चारायला पोरं तिथवर जायची. पण ही बाईसाहेब एकदाही उठून बघायला गेली नाही, की बाबा थांबते का नाही थांबत. उलट तिला त्याचा तोराच चढला. नदीवर धुणं धुताना बायकांना सांगायची, "मला नोकरी आली होती बिलोलीला. पण काय करता बाई, यष्टीच थांबत न्हाई." जसं काही सरकारनं हिच्या एकटीच्या विरोधात एसटी पळवायचा कट केला होता. बायका चुकचुकायच्या. हिला ते चुकचुकणं गोड लागायचं. पगार मिळाला नाही, चुकचुक मिळाली, आणि तेवढ्यावर खूश. आज ती पोरगी समोर आली तर मी तिची ओळखसुद्धा दाखवणार नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी भावाला सोडायला त्या फाट्यावर गेले. हात न करता एसटी थांबली. कंडक्टर उतरला, लिंबाखालच्या माठातलं पाणी प्याला, चूळ भरली, टपावर दुधाच्या किटल्या चढवल्या, कोणाच्या तरी म्हशीची चौकशी केली. मी भावाला म्हटलं, "ही रोज थांबते का रे?" बाजूला बसलेला म्हातारा म्हणाला, "फाटा झाल्यापासून थांबते की. का वो?" मी काय सांगणार? दात असूनही बोळक्यासारखी हसले.

तर ती मान आता लेकीच्या खांद्यावर बसलेली मी पाहिली. म्हणून जेव्हा लातूरला जाऊन गन लावून बघायचं ठरलं, तेव्हा मी पिशवी भरून त्यांच्या दारात हजर झाले. जावई म्हणाले, "मामी, तुम्ही कशाला? दगदग होईल." मी म्हटलं, "माहेराकडं तोंड करून बसायला मिळतं, तेवढंच."

विहीणबाईही निघाल्या. त्यांना गाडी लागते म्हणून त्या पुढं बसल्या. लेक गाडी चालवत होती. मागं मी आणि जावई. गाडीत बसण्याआधी जावईबापू मागच्या चाकाजवळ खाली वाकून खडूनं रेघा ओढत होते.

"हे काय नवीन?"

"मुंग्या, मामी. दसऱ्यापासून वैताग आणलाय. चाकावरून चढतात, पत्र्यावरून फिरतात. कुठं जातात कळत न्हाई."

"गाडीत काही सांडलं असंल."

"आत एक मुंगी न्हाई. बाहेरच फिरतात. बहुतेक विजेच्या वासानं येत असतील."

विजेला वास! कोर्टात न्यायाधीश हे कसं ऐकून घेतात देव जाणे. विहीणबाई म्हणाल्या, "मुंग्या येणं चांगलं असतंय. लक्ष्मीचं वाहन हाय म्हणून येत्यात." लक्ष्मीला घुबड पुरत नसावं.

दसऱ्याच्या पूजेला मीही होते. पूजेचं ताट विहीणबाईंच्या हातात, कारण ताट दुसऱ्याच्या हातात जाणंही आपल्यात नाही. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं. मग म्हणाल्या, "पेट्रोलची टाकी कुठाय? तिला ओवाळायचं ऱ्हायलं." लेकीनं मागच्या बाजूची छोटी झडप उघडून दाखवली. "टाकी न्हाई अत्या. इथून वीज जाते. वरून घरची, आणि हे रबरी झाकण काढलं की खालून बाहेरच्या मोठ्या मशीनची."

"म्हणजे हे तोंडच म्हण की गाडीचं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात आतून चहाला हाक आली. चहा सोडून पूजा बघण्याएवढी मी धार्मिक नाही. लेकही माझ्यामागं आत आली.

अहमदपूरच्या पुढं जावयांना कंठ फुटला.

"मामी, हा सगळा स्टँडर्डचा प्रश्न असतो बघा. गाडीचं भोक एका पद्धतीचं, मशीनची गन दुसऱ्या पद्धतीची. चीनची पद्धत वेगळी, जपानची वेगळी, युरोपची वेगळी. आपल्याकडं सुरुवातीला जी मशिनं बसवली ती एका पद्धतीची, आता सगळ्या गाड्या येतात दुसऱ्या पद्धतीच्या. ग्राहकाला कोणी सांगत न्हाई."

"मग हिच्या गाडीची कुठली?"

"सीसीएस टू," लेक पुढून म्हणाली. "आता सगळीकडं तीच असते."

"असते म्हणून चालत न्हाई. बसली पाहिजे," जावई म्हणाले. त्यांच्या आवाजात मला आशा ऐकू आली, आणि ती गन बसण्याची नव्हती.

विहीणबाई पुढूनच म्हणाल्या, "पत्रिका बघूनसुद्धा जमत न्हाई काही काही ठिकाणी."

हा टोमणा माझ्या लेकीला होता. मी म्हटलं, "ईनबाई, पत्रिका तुमच्याच गुरुजींनी बघितली होती. लाडू लई खाल्ले होते त्यांनी." मग चाकूरपर्यंत त्यांनी खिडकीबाहेरची शेतं मोजली.

लातूरला ते मशीन एका हॉटेलच्या मागं होतं. फ्रिजएवढं कपाट, त्यावर हिरवा दिवा, दोन्ही कुशींना एक एक गन टांगलेली. राखायला कोणी नाही. मोबाइलमधून पैसे भरायचे आणि आपल्या हातानं लावून घ्यायचं. डावीकडची गन गोल तोंडाची, धूळ बसलेली. उजवीकडची वर गोल आणि खाली पोटाला दोन मोठ्या नळ्या जोडल्यासारखी.

जावईबापूंनी लेकीला बाजूला सारलं. "थांब, मी बघतो." आणि शहाण्यानं सगळ्यात आधी डावीकडची गन उचलली. ती गाडीला टेकलीसुद्धा नाही. वांग्याच्या तोंडाला कांद्याचं झाकण.

"बघा! म्हणलं होतं की न्हाई? स्टँडर्डच वेगळं!"

"अहो, ती जुन्या गाड्यांची," लेक म्हणाली. "उजवीकडची लावा."

उजवीकडची लावली. ती टेकली, वरचा भाग बोटभर आत गेला आणि अडकला. जावयांनी ढकललं. दोन्ही हातांनी ढकललं. पाय रोवून, दात खाऊन ढकललं. गाडी हलली, गन काही आत गेली नाही. मशीन आपलं पडद्यावर लिहून दाखवत होतं की गन नीट जोडा, गन नीट जोडा. लेकीनंही लावून पाहिली. तेच. तिनं काढून पुन्हा लावली, हळू, तिरकी करून, सरळ करून. तेच.

रिकाम्या माणसांना अशा वेळी कोण निरोप देतं मला माहीत नाही. आधी हॉटेलमालक आला. मग पान खाल्लेला एक जण. मग रस्त्यावर ट्रॅक्टर थांबवून त्याचा मालक आला. तिघंही गाडीच्या त्या भोकापुढं असे उभे राहिले जसं काही आतून म्हैस विणार आहे.

"पंप मारून बघा," पानवाला म्हणाला.

"विजेला पंप असतोय का, हुकल्या? तेल लावा थोडं," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"तेल कशाला? मशीन चांगलं हाय," हॉटेलमालक म्हणाला. "सकाळीच एक गाडी भरून गेली. पांढरीच होती. अशीच."

"अशीच म्हणजे? कंपनी कुठली?" जावयांनी उलटतपासणी सुरू केली.

"ते न्हाई बघितलं. पण पांढरी होती."

"रंगावरून स्टँडर्ड ठरत न्हाई, शेठ!"

मग जावईबापूंनी कंपनीला फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. मराठीसाठी काही दाबायची सोय नव्हती. मग एक गाणं लागलं आणि ते लागूनच राहिलं. ते गाणं कानाला लावून जावई आम्हाला सांगत होते, "हे आधीच लेखी घ्यायला पाहिजे होतं. गाडी फसवून विकली. ग्राहक मंचात खेचतो." कोणाला खेचणार ते ठरलेलं नव्हतं, पण चेहरा खटला जिंकल्यासारखा झाला होता.

विहीणबाई हॉटेलच्या खुर्चीवर बसून होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "देवाच्या मनात न्हाई, बाळा. गाडीसुद्धा सांगून ऱ्हायली, नको जाऊ म्हणून."

"हाव ना," जावई म्हणाले. कंपनीचं गाणं अजून चालूच होतं. ते लेकीकडं वळले. "आता काय करायचं? आपलं ठरलं होतं."

लेक मागं सरकली. गाडीला टेकून उभी राहिली. तिनं आपला मोबाइल काढला, संस्थेच्या सचिवांचं नाव काढलं आणि लिहायला लागली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'नमस्कार सर. काही कौटुंबिक अडचणींमुळे मला ही जबाबदारी'

पुढचं तिनं अजून लिहिलं नव्हतं.

"हे काय करून राहिलीस?"

"ठरलं होतं ना आई. गन बसत न्हाई."

बसत न्हाई. ते ऐकल्याबरोबर मला लिंबाखालचा तो माठ दिसला आणि चूळ भरणारा कंडक्टर दिसला. थांबत न्हाई म्हणे. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या यंत्रंच आडवी येतात की काय बायकांना? माझ्या वेळी एसटीला आमचा फाटा दिसेना, हिच्या वेळी गनला गाडी आवडेना. आणि दोन्ही वेळा खाली वाकून बघायचे कष्ट कोणी घेतले? कोणी नाही.

"तो मोबाइल जरा खिशात ठेव," मी म्हटलं. "मला बघू दे."

"मामी, तुम्हाला काय कळणार त्यातलं?" जावई म्हणाले.

"म्हणूनच बघते. तुम्हाला कळतं म्हणून तुम्ही बघितलं न्हाई."

मी गुडघ्यावर हात ठेवून वाकले. चष्मा नाकावर सरकवला. झडप उघडी होती. वर गोलात बारीक बारीक भोकं, खाली दोन मोठी, आत नुसता अंधार. आणि झडपेच्या काठावरून एक मुंगी निघाली. माझ्यासमोरून आरामात चालत खालच्या डाव्या भोकात गेली. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात काहीतरी होतं. तिच्यामागून दुसरी आली.

मी स्टँडर्ड शिकलेले नाही. पण उभा जन्म डब्यांची झाकणं लावण्यात गेलाय. मुंगी वासानं वीज शोधत नाही. मुंगी गुळाकडं जाते.

"मोबाइलची बत्ती लाव गं."

लेकीनं बत्ती लावली. दोन्ही मोठ्या भोकांत तांदूळ होते. कुंकवात घोळलेले, लाल, आणि वर गुळाचा पातळ थर वाळून काचेसारखा झालेला. नैवेद्यच की तो! एवढा ठासून भरलेला की बाळंतिणीला पण इतक्या मायेनं कोणी घास भरवत नाही.

लेकीनं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मग आम्ही दोघींनी खुर्चीकडं पाहिलं.

"ईनबाई," मी म्हटलं, "गाडीला घास अडकलाय. दसऱ्यापासून."

विहीणबाई उठून आल्या, वाकल्या, आणि अजिबात लाजल्या नाहीत. "तोंडच ना हे गाडीचं?" त्या लेकीला म्हणाल्या. "मग तोंडात काय घालायचं? अक्षता, गूळ. आणि उघडं ऱ्हायलं तर सांडंल म्हणून ते रबरी झाकण मीच घट्ट लावलं." अभिमानानं सांगत होत्या.

तेव्हा सगळं कळलं. घरची गन लहान, वरच्या भोकांपुरती. वरचं कुंकू ती गन रोज लावून-काढून पुसलं गेलं. खालचं झाकण दसऱ्यापासून कोणी उघडलंच नव्हतं, आणि आज जावयांनी उघडलं ते आत न बघता. युरोप झाला, चीन झाला, जपान झाला. अडलं होतं विहीणबाईंच्या घासापाशी.

लेकीनं गन काढून मशीनला टांगली, गाडी बंद केली. पानवाला पाणी मारा म्हणाला, त्याच्याकडं तिनं असं बघितलं की तो थुंकायला गेला तो परत आलाच नाही. हॉटेलच्या बडीशेपेच्या वाटीजवळ दात कोरायच्या काड्या होत्या, त्या मी मूठभर उचलून आणल्या. मालक बघत राहिला. काडीनं गूळ सुटला, पण तांदूळ कडेला चिकटून बसले होते. मग मी पिशवीतून माझ्या कवळीचा ब्रश काढला. कोरडा होता, ताठ केसांचा. असा ब्रश घराघरात असतो, पण म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीतून निघाला की लोक तोंड फिरवतात. जावयांनी फिरवलं. लेकीनं घेतला.

ती ब्रशनं एक एक दाणा बाहेर काढत होती आणि मी खाली ओंजळ धरली होती. मुंग्या पडल्या, गुळाच्या कपच्या पडल्या, लाल तांदूळ पडले. जावयांच्या कानाला लावलेलं गाणं काही संपत नव्हतं. भोकं आतून चकचकीत दिसायला लागल्यावर तिनं पदरानं कपाळ पुसलं, गन उचलली आणि लावली.

खट् झालं. काय आवाज होता सांगू? शाळेच्या दाराची कडी निघावी तसा. मशीनचा दिवा निळा झाला आणि आत कुठंतरी पंखा घरघरायला लागला.

ट्रॅक्टरवाल्यानं टाळ्या वाजवल्या. हॉटेलमालक म्हणाला, "म्हणलं होतं ना, पांढरी होती."

जावईबापूंनी फोन बंद केला, घसा साफ केला आणि म्हणाले, "म्हणजे कनेक्टर तोच आहे. मला वाटलंच होतं. सीसीएस टूच आहे ना, बसणारच." वकिलांचं एक बरं असतं. निकाल कोणाच्याही बाजूनं लागो, ते त्याच बाजूला उभे असतात.

मी ओंजळ घेऊन विहीणबाईंपुढं गेले. "घ्या. तुमच्या अक्षता. देवाच्या मनातलं बघायला लई खोल जावं लागलं."

त्यांनी हात पुढं केला नाही. मी त्यांच्या खुर्चीच्या हातावर ते ठेवून आले. मुंग्यांनी पुढचं बघून घेतलं.

लेक अजून गाडीजवळच होती. तिनं मोबाइल काढला. 'काही कौटुंबिक अडचणींमुळे मला ही जबाबदारी' तसंच होतं. तिनं ते पुसलं. मग काय लिहिलं ते मला वाचू दिलं नाही, हात आडवा धरला. पण लिहून झाल्यावर तिची मान ताठ होती, खाली-वर होत नव्हती. मी बारकाईनं बघितली. गाडी भरेपर्यंत आम्ही दोघींनी भजी खाल्ली. जावयांना अटी घालून कागद करायचा होता बहुतेक, पण हॉटेलात कागद मिळाला नाही.

निघायच्या सोमवारी मी पहाटेच त्यांच्या दारात गेले. आत विहीणबाईंचं नवीन चालू झालं होतं. लातूरचं पाणी बाधतं. तिथली थंडी वेगळी. सोमवारी लांबचा प्रवास आपल्यात नाही. लेक हूं हूं करत होती आणि बॅगा डिकीत ठेवत होती. मग पूजेचं ताट आलं. विहीणबाईंनी बॉनेटला कुंकू लावलं आणि सवयीनं मागच्या झडपेकडं वळल्या.

लेकीनं झडपेवर तळहात ठेवला.

"तिथं नको अत्या. अक्षता माझ्या डोक्यावर टाका. जाणारी मी हाय."

विहीणबाई थबकल्या. चिमटीत अक्षता तशाच. मग त्यांनी हात उचलला आणि टाकल्या तिच्या डोक्यावर. दोन-चार दाणे केसांत अडकले, बाकी फरशीवर पडले. काही पुटपुटल्याही, काय ते ऐकू आलं नाही. ऐकण्यासारखं असतं तर मोठ्यानं बोलल्या असत्या.

गाडी आवाज न करता वळली आणि गेली. बुधवारी ती घरी आली, शनिवारीही आली, आणि मधल्या काळात व्याह्यांच्या छातीत अजिबात दुखलं नाही.

माझा ब्रश तिच्या गाडीतच राहिला, झडपेजवळच्या कप्प्यात. मागितला तर देईना. मी कवळीला दुसरा घेतला.